शिफारशीच्या तक्त्यात खाडीचाही रकाना हवा

नवी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर नवे महाराष्ट्र सदन उभे आहे. तेथून थोड्याच अंतरावर कृषी भवन लागते. समुद्र या परिसरापासून शेकडो कोस दूर आहे. तरीही कोकणातील मच्छीमाराच्या जाळ्यात काय येणार, याचे बरेचसे निर्णय याच परिसरात होतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्य शासन करते. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा कारभार केंद्राकडे आहे. २०१९ पर्यंत शेती आणि मत्स्यव्यवसाय हे दोन्ही विषय केंद्रात एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली होते. त्या वर्षी मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय यांचे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. मत्स्यव्यवसायाला स्वतःची ओळख मिळाली, हे स्वागतार्हच आहे. मात्र फायली वेगळ्या झाल्या म्हणून पाणी वेगळे होत नाही. सह्याद्रीच्या उतारावर, कलमांच्या बागेत पडलेला पाऊस ओहोळातून नदीत, नदीतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातोच. कोकणातील नद्या आखूड आणि उताराच्या असल्यामुळे या प्रवासाला फार वेळही लागत नाही.

समुद्राच्या संवर्धनासाठी विद्यापीठाने काय करावे, हा प्रश्न विचारला की ठरावीक उत्तरे पुढे येतात. किनारा स्वच्छता मोहीम, जागतिक महासागर दिनाचे व्याख्यान, भित्तिपत्रकांची स्पर्धा. यांतील एकही गोष्ट निरर्थक नाही. परंतु कृषी विद्यापीठाच्या हाती यापेक्षा कितीतरी प्रभावी साधन आहे आणि ते म्हणजे त्याची शिफारस. शेतकरी कोणते औषध, केव्हा आणि किती फवारणार, हे ठरवण्यात विद्यापीठाच्या छापील तक्त्याचा वाटा मोठा असतो. त्या तक्त्यात कीड, औषध, मात्रा, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी असे रकाने असतात. किनारपट्टीच्या जिल्ह्यांसाठी त्यात आणखी एक रकाना यावा: हे औषध खाडीत गेले तर तेथील जिवांवर काय परिणाम होईल?

कीटक आणि कोळंबी यांचे नाते

ही मागणी भावनेपोटी केलेली नाही. तिला शास्त्रीय आधार आहे. कीटक, कोळंबी, खेकडा आणि जवळा हे सारे संधिपाद प्राणी. आधुनिक वर्गीकरणानुसार तर कीटकांचा उगम कवचधारी जलचरांच्या कुळातूनच झाला. या साऱ्यांच्या अंगावर कायटिनयुक्त कवच असते, वाढीसाठी त्यांना कात टाकावी लागते आणि त्यांच्या मज्जासंस्थेची रचनाही बरीचशी सारखी असते. त्यामुळे तुडतुड्याला मारण्यासाठी शोधलेले रसायन कोळंबीलाही मारते, यात आश्चर्य काहीच नाही. ते घडले नाही तरच नवल.

कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील औषधे मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडे ठेवतात. कीटकाला झटके येऊन तो मरतो. कोळंबीवर्गातील नाजूक प्रजातींसाठी या गटातील अनेक औषधांचे लिटरमागे एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी प्रमाण घातक ठरते. माशांच्या शरीरातही या रसायनांचे विघटन हळू होते. निओनिकोटिनॉइड गटातील इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम पाण्यात सहज विरघळते आणि पाण्याबरोबर पुढे जाते. पायरेथ्रॉइड मातीला घट्ट चिकटते आणि गाळाबरोबर पुढे जाते. वाट वेगळी असली तरी मुक्काम एकच. कायटिन तयार होण्यास अडथळा आणणारी बुप्रोफेझिन, नोव्हाल्युरॉन, डायफ्लुबेन्झुरॉन यांसारखी औषधे कात टाकण्याच्या क्रियेवरच घाला घालतात. खाडीतली चिंबोरी आयुष्यभर कात टाकूनच वाढत असते, हे येथे लक्षात घ्यावे.

हापूस बागायतदाराला यांतील बहुतेक नावे तोंडपाठ आहेत. पालवीपासून फळ बोराएवढे होईपर्यंत तुडतुडे आणि फुलकिडे यांच्याविरुद्ध ठरावीक अंतराने फवारण्या होतात. मोहर करपला तर वर्षाचे उत्पन्न हातचे जाते, ही भीती खरी आहे. तेव्हा फवारणी करणाऱ्याला दोषी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. भातावर तपकिरी तुडतुडे आले की भर पावसाळ्यात, खाचरातून खाचरात पाणी वाहत असतानाही फवारणी होते, तीही नाइलाजानेच.

हिरव्या त्रिकोणाची मर्यादा

कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. विस्तार कार्यकर्ते त्याचा अर्थ शेतकऱ्यांना समजावून सांगतात: लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत कमी. ही माहिती बरोबर आहे, पण अपुरी आहे. हा त्रिकोण सस्तन प्राण्यांवरील विषारीपणाच्या चाचणीवरून ठरतो. फवारणी करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेसाठी तो मोलाचा आहे. मात्र कोळंबी, मासा किंवा मधमाशी यांच्याविषयी तो काहीच सांगत नाही. कायटिनविरोधी औषधे माणसाला तुलनेने कमी विषारी आणि पाण्यातील कवचधारी जिवांना अत्यंत विषारी, अशी परिस्थिती असते. ‘सौम्य औषध आहे’ म्हणून खाडीकाठच्या शेतात त्याचीच शिफारस झाली, तर हेतू चांगला असूनही परिणाम उलटा होतो. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात जलचरांविषयीची सूचना बारीक अक्षरांत असते. ती मोठ्या अक्षरांत शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणे हे विस्तार शिक्षणाचेच काम आहे.

अशी भर घालणे अवघड नाही, याचा पुरावा आंब्याच्याच इतिहासात आहे. २०१४ मध्ये फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी घातली आणि २०१५ च्या प्रारंभी ती उठवली. निर्यातीसाठी औषधांच्या अवशेषांची कमाल मर्यादा पाळण्याची सवय बागायतदारांनी लावून घेतली. कोणते औषध वगळायचे, शेवटची फवारणी केव्हा थांबवायची, हे तक्त्यात आले. दापोलीच्या विद्यापीठाने विकसित केलेला फळमाशीचा ‘रक्षक’ सापळा आज अनेक बागांत टांगलेला दिसतो. दूर देशीच्या ग्राहकाच्या ताटासाठी शिफारस बदलू शकते, तर बागेच्या पायथ्याशी तिसऱ्या आणि कालवे वेचणाऱ्या बाईच्या ताटासाठी ती का बदलू नये?

शिंजी सरोवराचा धडा

जपानच्या शिमाने प्रांतातील शिंजी हे निमखारे सरोवर. भोवती भातशेती, पाण्यात मासेमारी. कोकणातील खाडीशी त्याचे साम्य सहज लक्षात येते. १९९३ च्या सुमारास तेथील भातशेतीत निओनिकोटिनॉइड औषधांचा वापर सुरू झाला. त्यानंतर पाण्यातील सूक्ष्म प्राणिप्लवंगांचे प्रमाण एकदम घसरले आणि त्यांवर जगणाऱ्या वाकासागी या लहान माशाचे वार्षिक उत्पादन सरासरी २४० टनांवरून २२ टनांवर आले. जपानी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या नोंदी जुळवून २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच काळात घडलेल्या दोन घटनांमधील हा संबंध आहे; तो थेट प्रयोगाने सिद्ध झालेला कार्यकारणभाव नव्हे. परंतु त्या अभ्यासाचे खरे महत्त्व वेगळेच आहे. मासा औषधाने थेट मेला नसेल, तरी त्याचे अन्न संपले म्हणून तो संपू शकतो, हे त्यातून दिसले. आणि हे दिसू शकले, कारण कुणीतरी दशकानुदशके पाण्याची, प्लवंगांची आणि मासळीची नोंद ठेवली होती.

कोकणात मासळी घटण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील मोठी कारणे शेतीबाहेरची आहेत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राचे सागरी मत्स्योत्पादन २०१८ मध्ये २.९५ लाख टन होते. २०१९ मध्ये ते २.०१ लाख टनांवर आले. हा ४५ वर्षांतील नीचांक होता. त्या वर्षीच्या चक्रीवादळांनी मासेमारीचे दिवस हिरावले, हे खरे. पण पर्ससीन जाळ्यांचा अतिरेक, प्रखर दिव्यांची मासेमारी, लहान आसाची जाळी, शहरांचे मलजल आणि कारखान्यांचे सांडपाणी यांचा भार त्याआधीपासून साचत आला आहे. शासनानेही पावले उचलली. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले. २०१७ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रात दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले आणि त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा घोषित केले.

या सर्व उपायांचा रोख जाळ्यावर आहे आणि तो तसा असायलाच हवा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात, कारण अनेक माशांच्या प्रजननाचा तो हंगाम असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची किनाऱ्यावरची रीत तर कायद्याहूनही जुनी आहे. पण नेमक्या याच दिवसांत पहिला मोठा पाऊस बागेतली आणि खाचरातली माती धुऊन खाली आणतो. चढणीचे मासे ओहोळातून वर निघतात, तेव्हा वरून येणाऱ्या पाण्यात काय आहे, याला कोणतीही बंदी लागू नसते. मच्छीमाराने दोन महिने उपजीविका थांबवायची आणि त्याच दोन महिन्यांत शेताने खाडीत काहीही सोडायचे, हा न्याय नव्हे. किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत एक भाऊ होडीवर असतो आणि दुसरा कलमांच्या राखणीला. तेथे हा अन्याय एकाच घरातला असतो.

दापोली आणि शिरगाव यांमधील अंतर

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी दापोली येथे झाली. १९८१ मध्ये रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय सुरू झाले. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ पासूनचे, भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र १९५५ पासूनचे आणि तेही थेट खाडीच्या मुखाशी. म्हणजे कीटकशास्त्रज्ञ, मृदशास्त्रज्ञ आणि मत्स्यशास्त्रज्ञ एकाच छत्राखाली असलेली ही संस्था आहे. देशात अशी सांगड फार थोड्या ठिकाणी आढळते. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून कार्यरत आहे आणि १९८९ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. ज्ञानाची उणीव नाही. हवी आहे ती एकत्र बसून केलेली शिफारस.

त्याची सुरुवात मोजणीने व्हावी. एखादी खाडी निवडून तिच्या पाणलोटातील बागांत कोणती औषधे किती वापरली जातात, याची नोंद कीटकशास्त्र विभागाने ठेवावी. पावसापूर्वी, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पावसाळा संपताना खाडीतील पाणी, गाळ आणि कालवे यांचे नमुने मत्स्य महाविद्यालयाने तपासावेत. कालव दिवसभर पाणी गाळून जगते. पाण्यातले थोडेथोडके विषही त्याच्या शरीरात साठते. अमेरिकेत १९८६ पासून कालवे व शिंपल्यांच्या आधारे किनाऱ्याच्या प्रदूषणावर अशीच नजर ठेवली जाते. आपल्याकडे कालवे कोठे वाढतात, कोणत्या वर्षी कमी झाली, याची सर्वांत अचूक माहिती ती वेचणाऱ्या स्त्रियांना असते. त्यांना या कामात मानधनावर सहभागी करून घेतल्यास नमुनेही मिळतील आणि विश्वासही. मोजल्याशिवाय शेतकऱ्याला दोष देता येत नाही, तसे त्याला निर्दोषही ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट अध्यापनाची. कृषी पदवीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहतात. खाडीकाठच्या एकाच गावात कृषी आणि मत्स्य शाखेच्या विद्यार्थ्यांना एकत्र पाठवावे. एकाने बागेत पंप पाहावा, दुसऱ्याने बंदरावर टोपली पाहावी आणि संध्याकाळी दोघांनी एकमेकांच्या नोंदी वाचाव्यात. पुढे हेच तरुण कृषी सहायक किंवा मत्स्यव्यवसाय विकास अधिकारी होतात. त्यांची ओळख नोकरीतल्या एखाद्या तक्रारीच्या निमित्ताने होण्यापेक्षा विद्यार्थिदशेतच झालेली बरी.

खारभूमीचा तिढा

शेत आणि समुद्र यांची सीमा जेथे रोज भरती-ओहोटीने पुसली जाते, ती खारभूमी. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या भातजाती दिल्या. परंतु बांध फुटला, उघाडी नादुरुस्त झाली की खारे पाणी शेतात शिरते आणि काही वर्षांत तेथे कांदळवन उगवते. मग वडिलोपार्जित शेत शेत राहत नाही. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करीत आहे आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड बेकायदेशीर ठरवली. कांदळवने कोळंबी, चिंबोरी आणि अनेक माशांच्या पिलांची पाळणाघरे आहेत. त्यांचे रक्षण झालेच पाहिजे. पण ज्याची जमीन गेली, त्या शेतकऱ्याला केवळ कायदा वाचून दाखवणे पुरेसे नाही.

येथे विद्यापीठाला मध्यस्थाची भूमिका घेता येते. केरळमधील पोक्कळी शेतीत पावसाळ्यात भात आणि नंतर कोळंबी, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. गोव्याची खाजणशेतीही बांध, भात आणि मासळी यांचा मेळ घालूनच टिकली. कांदळवन उभे राहिले असेल तेथे खेकडा आणि कालवपालन, बांध शाबूत असेल तेथे क्षारसहिष्णु भात व जिताडा, अशी जागेनुसार शिफारस प्रात्यक्षिकांसह दिली, तर शेतकरी कांदळवनाचा शत्रू राहणार नाही. अशा शेतात औषध फवारताना त्याचा हातही आपोआप आखडतो, कारण मासळी त्याचीच असते.

सिंधुदुर्गात याची चुणूक पाहायला मिळाली आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, तेव्हा स्थानिकांच्या मनात उपजीविकेची भीती होती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने त्या किनाऱ्यावर जैवविविधता प्रकल्प राबवला गेला. त्यात ट्रॉलरसाठी चौकोनी आसाची जाळी आणि खेकडापालन होतेच. शिवाय ‘श्री’ पद्धतीच्या भातलागवडीचाही समावेश होता. समुद्राच्या प्रकल्पात भातखाचर कशाला, असे कुणाला वाटेल. पण खाचरातून वाहणारे खत आणि औषध कमी झाले की खाडीचा भार हलका होतो, हा साधा हिशेब त्यामागे होता.

भूमीकडून सागराकडे

भारतातील कृषी विद्यापीठांची घडण अमेरिकेच्या भूमी-अनुदान महाविद्यालयांच्या नमुन्यावर झाली. १८६२ च्या कायद्याने तेथे शेतीच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला गेला आणि पुढील कायद्यांनी त्याला संशोधन व विस्तार यांची जोड मिळाली. आपण तो नमुना घेतला आणि १९६० मध्ये पंतनगरपासून त्याची सुरुवात झाली. पण अमेरिका तेथे थांबली नाही. शेतीसाठी जे केले तेच समुद्रासाठी का करू नये, असा विचार पुढे आला आणि १९६६ मध्ये ‘सागर-अनुदान’ महाविद्यालयांची योजना कायद्याने सुरू झाली. विद्यापीठाचा विस्तार कार्यकर्ता बांधावर जातो, तसा तो धक्क्यावरही जाऊ लागला. तेथील काही विद्यापीठे आज दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी पार पाडतात. आपण त्या कल्पनेचा पूर्वार्ध स्वीकारला. ७२० किलोमीटर किनारा लाभलेल्या महाराष्ट्राने उत्तरार्धाचाही विचार करावा. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक महासागर विज्ञानासाठी ठरवले आहे. ते संपण्यापूर्वी निदान एका खाडीपुरता हा प्रयोग व्हावा.

खर्चाचा प्रश्न येईलच आणि तो रास्त आहे. ओहोळाकाठची पट्टी फवारणीविना सोडली तर त्या झाडांचे नुकसान कोण भरून देणार? याचेही उत्तर किनाऱ्यावरच आहे. जाळ्यात अडकलेले कासव किंवा अन्य संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ पासून राज्य शासन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. नुकसान सोसून निसर्ग राखणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे तत्त्व मान्य झालेले आहे. ते तत्त्व जाळ्यापासून कलमापर्यंत आणायचे आहे.

तोपर्यंत विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतशील बागायतदार यांना थांबून राहण्याचे कारण नाही. पंप आणि रिकामे डबे ओहोळात न धुणे, पावसाची चिन्हे असताना फवारणी न करणे, ओहोळालगत गवताची व झुडपांची पट्टी राखणे, किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज औषध न वापरणे आणि खाडीकाठी औषध निवडताना त्रिकोणाच्या रंगाबरोबर माहितीपत्रकातील जलचरांविषयीची ओळही वाचणे, एवढे तर या हंगामापासूनच करता येईल. विद्यापीठाने स्वतःच्या प्रक्षेत्रांवर हे नियम आधी लावावेत. भाट्ये येथे तर त्यासाठी खाडी दाराशीच आहे. पुढील शिफारस पुस्तिका छापताना तक्त्यात तो एक रकाना वाढला, तर समुद्रासाठी विद्यापीठाने काय केले, या प्रश्नाला प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती छापील उत्तर असेल.